केपटाऊन आणि तिथला वाईनचा मुलूख: लोकल गाईड कुठे घ्यायचा आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा होता की मार्चमधे पुण्याहून चौघं जण सात दिवस केपटाऊनला चाललेत, नवरा-बायको आणि सोबत आईबाबा. आई पूर्ण शाकाहारी, बाबा कृषी खात्यातून रिटायर झालेले आणि आयुष्यात दारूला शिवलेले नाहीत, तुम्ही दोघं मात्र नाशिकला दोनदा जाऊन आलाय आणि वाईन आवडते. एजंटने अर्ध्या दिवसाची सिटी टूर आणि एका दिवसात पाच वायनरी असं दिलंय, आणि लोकल गाईडचे पैसे वेगळे सांगितलेत ते बरेच वाटतायत. मग गाईड घ्यावा का, आणि बाबांना त्या वाईनच्या गावात नेऊन करायचं काय.

मी चौदा वर्षं पुण्यातून ग्रुप घेऊन बाहेर जातोय, केपटाऊनला बऱ्याच वेळा झालं, आणि इथे असतो तेव्हा रविवारी सकाळी कसबा पेठेत हेरिटेज वॉक घेतो, त्यामुळे गाईडच्या बाजूने पण हे काम मला माहितीये. माझं मत अगदी सरळ आहे, डोंगर-समुद्र बघायला गाईड लागत नाही, माणसं कळायला लागतो. शनिवारवाडा कोणीही एकटा बघून येतो, पण ज्याचं बालपण पेठेतल्या वाड्यात गेलंय तो माणूस त्याच गल्लीतून तुम्हाला नेतो तेव्हा ती गल्ली वेगळीच दिसते. केपटाऊनमधे तर हे दसपट खरं आहे कारण तिथला वर्णभेदाचा इतिहास फार जुना नाहीये, तो ज्यांच्या अंगावरून गेला ती माणसं अजून आहेत आणि त्यातलीच काही गाईड आहेत. त्यामुळे सातही दिवस गाईड नको, पण जिथे हवा तिथे पैसे वाचवू नका.

सगळ्यात पहिले रॉबेन आयलंडचं तिकीट काढा. नेल्सन मंडेला २७ वर्षं तुरुंगात होते त्यातली १८ ह्या बेटावर. वॉटरफ्रंटवरून बोट सुटते, जाऊन येऊन साडेतीन-चार तास धरा. इथे गाईड वेगळा घ्यायचा नसतो, तिकिटातच येतो, आणि तुरुंगाच्या आतला भाग बहुतेक वेळा जे दाखवतात ते स्वतः तिथे राजकीय कैदी होते. ही माणसं आता म्हातारी झालीयेत, अजून काही वर्षांनी हे मिळणार नाही, म्हणून मी म्हणतो बाकी काही राहिलं तरी चालेल पण हे सोडू नका. माझ्या एका ग्रुपला जे गृहस्थ होते त्यांनी कैद्यांच्या जेवणाचा तक्ता दाखवला. त्यात दोन रकाने, एकात भारतीय आणि कलर्ड म्हणजे मिश्र वंशाचे, दुसऱ्यात आफ्रिकन काळे. भारतीयांना पाव मिळायचा, काळ्या कैद्यांना नाही, जॅम एकाला होता दुसऱ्याला नाही, साखर सुद्धा मोजून कमीजास्त. अहमद कथ्राडा हे भारतीय वंशाचे, मंडेलांच्याच खटल्यात जन्मठेप झालेले, त्यांना आल्या दिवशी फुल पँट दिली आणि मंडेलांना हाफ पँट, का तर काळा माणूस कितीही मोठा झाला तरी त्याला पोऱ्या समजायचं. हे सांगून ते गृहस्थ आमच्याकडे बघून शांतपणे म्हणाले, तुम्ही लोक माझ्यापेक्षा एक पाव वरती होतात. आमच्या ग्रुपमधे कोणी काही बोललं नाही, बोटीत बसेपर्यंत सगळे गप्प होते. हे तुम्हाला बोर्ड वाचून कळलं असतं पण असं लागलं नसतं. (समुद्र खवळला तर बोट कॅन्सल होते, म्हणून पहिल्या दोन दिवसांतली तारीख घ्या म्हणजे पुढे ढकलायला जागा राहते.)

मग बो-काप. हा तो रंगीत घरांचा उतार, तुम्ही फोटो बघितलेच असतील. नुसते फोटो काढायचे असतील तर वीस मिनिटं पुरतात आणि तिथल्या लोकांना त्याचा वैताग आलाय, लोकांच्या पायरीवर बसून फोटो काढतात, दारात गाड्या लावतात. तिथे राहणाऱ्या कोणाबरोबर तरी दोन-तीन तास चाला. डचांनी जे गुलाम आणि कैदी केपमधे आणले ते इंडोनेशियातले, मादागास्कर-मोझांबिकमधले आणि आपल्याकडचे सुद्धा, बंगाल, मलबार, कोरोमंडल किनाऱ्यावरचे. केपमधे तुम्हाला फेब्रुवारी, सप्टेंबर अशी आडनावं भेटतील, गुलामाला मालक ज्या महिन्याचं नाव देईल ते नाव, आणि तेच पुढे घराण्याचं झालं. तिथली औवल मशीद १७९४ ची, देशातली पहिली. तिचे पहिले इमाम तुआन गुरू, त्यांना डचांनी रॉबेन आयलंडवरच कैद केलं होतं आणि तिथे त्यांनी नुसत्या पाठांतरावरून कुराण लिहून काढलं, ते हस्तलिखित जपून ठेवलंय. म्हणजे ते बेट मंडेलांच्या पावणेदोनशे वर्षं आधीपासून तुरुंगच. ह्या दोन गोष्टी पाठोपाठच्या दिवशी ठेवा, एकमेकींना जोडल्या जातात.

आईंसाठी पण बो-काप बेस्ट. तिथल्या बायका घरी स्वयंपाक शिकवतात, रोटी लाटायला लावतात, समोसे भरायला लावतात. लोणच्याला ते अचारच म्हणतात, डाळ असतेच. वेल स्ट्रीटवर मसाल्याचं ॲटलास ट्रेडिंग कंपनी म्हणून जुनं दुकान आहे, आत शिरलं की आपल्या भवानी पेठेतल्या मसाल्याच्या दुकानात शिरल्यासारखा वास. एक मात्र बुकिंग करतानाच लिहून द्या की मांस नाही, चिकन नाही, मासे नाहीत, अंडं नाही, चारही शब्द वेगवेगळे लिहायचे, नुसतं व्हेजिटेरियन लिहिलं तर चिकनचा मसाला घातलेलं सूप समोर येऊ शकतं, आमच्या बाबतीत एका हॉटेलात हे झालंय आणि एका आजींचा अख्खा दिवस त्यात गेला.

तिसरी जागा डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम. शहराच्या मध्याजवळची ही वस्ती, सगळ्या जातीधर्मांची माणसं एकत्र राहायची. ११ फेब्रुवारी १९६६ ला सरकारने ती फक्त गोऱ्यांसाठी म्हणून जाहीर केली आणि पुढच्या वर्षांत साठ हजारांवर माणसं उचलून लांब वाळूच्या माळावर नेऊन टाकली, घरं पाडली. म्युझियम एका जुन्या चर्चमधे आहे, जमिनीवर मोठा नकाशा अंथरलाय आणि जुने रहिवासी येऊन त्यावर आपलं घर कुठे होतं ते लिहून गेलेत. तिथे पण जुन्या रहिवाशाबरोबरची टूर मागा, वेळ आधी ठरवावी लागते. तासाभरात होतं. आपल्याकडे पानशेतच्या पुरानंतर ज्यांची घरं गेली त्यांच्याशी बोललात तर माणूस रस्त्याचं नाव घेताना कसा थांबतो ते कळेल, तसंच इथे होतं.

आता जिथे गाईड नको ते पटकन सांगतो. टेबल माउंटन, १०८० मीटरच्या वर उंची, केबल कार १९२९ पासून आहे आणि आताच्या डब्याची फरशी वर जाताना गोल फिरते त्यामुळे खिडकीसाठी ढकलाढकल करायची गरज नाही. त्याला दिवस ठरवू नका, आकाश मोकळं आणि वारा नाही अशी पहिली सकाळ मिळाली की बाकी सगळं सोडून वर जा, कारण आग्नेयेचा वारा सुटला की केबल बंद आणि वर ढगाची चादर. पेनिन्सुला म्हणजे शहराच्या दक्षिणेला समुद्रात शिरलेला डोंगराळ पट्टा, तो दिवस स्वतः गाडी घेऊन करा, तिकडे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, रस्ते छान, चॅपमन्स पीकचा घाट टोल भरून जायचा आणि हळू जायचं. बोल्डर्सच्या किनाऱ्यावर पेंग्विन, १९८२ साली फक्त दोन जोड्या आल्या होत्या तिथून ही वसाहत झाली, पण एकूण आफ्रिकन पेंग्विन आता फार धोक्यात आहेत तेव्हा फळीच्या रस्त्यावरूनच बघा. केप पॉइंटला कोणी म्हणालं की इथे दोन महासागर मिळतात तर ते खरं नाही, ते ठिकाण अगुल्हास, तिथून बरंच पुढे आहे. डोंगरातल्या पायवाटांवर चौघंच कधीही एकटे जाऊ नका, शहरात रात्री चालत फिरू नका, गाडीत सीटवर बॅग ठेवू नका, सिग्नलला काच फोडून नेतात.

आता वाईनचा भाग, ह्यावर जास्त लिहितो कारण चुका सगळ्यात जास्त इथे होतात. एका दिवसात पाच वायनरी हा प्लॅन आजच रद्द करा. प्रत्येक ठिकाणी पाच-सहा वाईन ओततात, थोड्या थोड्याच, पण पाच ठिकाणच्या मिळून पंचवीस-तीस होतात, तिसऱ्या ठिकाणानंतर जीभ बधिर होते आणि वयस्कर माणसं गाडीत बसून राहतात. सुरुवातीच्या वर्षी मी पण ग्रुपला चार ठिकाणं करून दाखवली होती, संध्याकाळी कोणालाच कुठल्या ठिकाणी काय प्यायलं ते आठवत नव्हतं, फक्त एक बाग आठवत होती जिथे एक म्हातारा कामगार वेलीजवळ उभा राहून बोलला होता. तेव्हापासून मी दोनच ठिकाणं करतो, एक सकाळी बाग आणि तळघर नीट बघायला, एक दुपारी जेवण आणि निवांत बसायला. आणि पिकदाणी ठेवलेली असते प्रत्येक टेबलावर, चव घेऊन थुंकणं तिथे अजिबात अपमान नाहीये, उलट जाणकार माणूस तेच करतो.

शहराच्या अगदी जवळ ग्रूट कॉन्स्टँशिया हे वाईनचं जुनं ठिकाण, १६८५ चं, अर्ध्या तासात पोचता. सायमन व्हॅन डर स्टेल नावाच्या डच अधिकाऱ्याने सुरू केलं, स्टेलनबॉश गाव पण त्याचंच, १६७९ चं, नाव सुद्धा त्याच्यावरूनच. ह्या माणसाची आईकडची आजी भारताच्या किनाऱ्यावरची होती, हे तिथला चांगला गाईड आपल्या लोकांना आवर्जून सांगतो. कॉन्स्टँशियाची गोड वाईन नेपोलियन सेंट हेलेनाला कैदेत असताना मागवून घ्यायचा. केपची पहिली वाईन त्याही आधीची, केपमधली डच वसाहत ज्याने वसवली त्या यान व्हॅन रीबीकने २ फेब्रुवारी १६५९ ला रोजनिशीत लिहून ठेवलंय की आज द्राक्षाची पहिली वाईन काढली. म्हणजे शिवाजी महाराज आणि अफझलखानाची भेट झाली त्याच वर्षी, मी पुण्याच्या लोकांना हे असंच सांगतो, लगेच काळ डोळ्यासमोर येतो.

स्टेलनबॉश पन्नास किलोमीटरवर, फ्रान्सहुक त्याच्या पलीकडे, मधे हेल्सहूख्ते खिंड. फ्रान्सहुकला १६८८ मधे फ्रान्समधून धर्मासाठी पळून आलेले ह्युगेनो लोक वसले, त्याआधी त्या खोऱ्याचं नाव हत्तींचा कोपरा अशा अर्थाचं होतं. तिथे वाईन ट्राम आहे, ट्राम आणि बसने एकेका मळ्यावर उतरायचं-चढायचं, तुम्ही दोघंच असता तर मी तीच सांगितली असती, पण आईबाबा बरोबर असताना वेळापत्रकामागे पळायला लागतं. तुम्ही त्या दिवशी ड्रायव्हर-गाईड घ्या. स्वतः गाडी नेऊन वाईन पिणं हा विचार पण करू नका.

बाबांचं काय, तर माझा अनुभव असा आहे की वाईनच्या बागेत सगळ्यात जास्त रमतात ते न पिणारे शेतकरी. दोन-तीन वर्षांपूर्वी जुन्नरकडचे एक काका होते ग्रुपमधे, माळकरी, नारायणगावाजवळ त्यांची जम्बो द्राक्षाची बाग. टेस्टिंग रूममधे ते आलेच नाहीत, बाहेर बागेच्या कडेला उभे. आमचा गाईड त्या भागातच वाढलेला, त्याचे आईवडील मळ्यावर मजूर होते. तो काकांजवळ गेला आणि मी मधे दुभाषा. काकांनी खाली बसून वेलीचं खोड मुठीत धरलं, ते मनगटाहून जाड होतं, आणि विचारलं बाग किती वर्षांची. तो म्हणाला १९८१ ची. काकांना पटेना, आपल्याकडे पंधरा-वीस वर्षांत बाग काढून टाकतात. मग त्याने आत जाऊन बाटली आणून गळ्यावरचा शिक्का दाखवला, तिथे पस्तीस वर्षांपुढच्या बागांना ओल्ड व्हाइन प्रोजेक्टचं सर्टिफिकेट मिळतं आणि शिक्क्यावर लागवडीचं साल छापतात. काकांनी पुढे विचारलं, वर्षात छाटण्या किती. एक, हिवाळ्यात, जुलै-ऑगस्टला. काका म्हणाले आमच्या दोन, एप्रिलमधे खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधे फळछाटणी. आता त्या माणसाला पटेना, दोन छाटण्या कशाला, वेल झोपते कधी. काका म्हणाले आमच्याकडे वेल झोपतच नाही, थंडीच तेवढी नाही, पानं गळत नाहीत, म्हणून कात्रीने झोपवायची आणि कात्रीने उठवायची. हे मी इंग्रजीत सांगितल्यावर तो गाईड हसून दोन मिनिटं मान हलवत राहिला. मग काकांनी खुंट, म्हणजे ज्या मुळावर द्राक्षाचं कलम बांधतात तो, कोणता विचारलं, तो म्हणाला रिक्टर, वन टेन, आणि मी भाषांतर करायच्या आधीच काका ओरडले, एकशेदहा, आमच्याकडे पण आहे! भुरी आणि डावण्या हे वेलीचे रोग किती येतात ह्यावर अर्धा तास गेला, त्याने सांगितलं की उन्हाळ्यात जो आग्नेयेचा वारा सुटतो, केप डॉक्टर म्हणतात त्याला, तो पानं कोरडी ठेवतो म्हणून रोग कमी. सकाळी ज्या वाऱ्याने केबल कार बंद केली म्हणून सगळे चिडले होते तोच वारा.

तुमचे बाबा कृषी खात्यातले, त्यांना ह्यातलं सगळं कळणार आहे. आणि मार्च म्हणजे तिकडे द्राक्षं तोडणीचा सीझन, जानेवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत चालतो, आपल्या नाशिकचाही साधारण तोच काळ, म्हणजे तोडणी चालू असलेली बघायला मिळेल. बुकिंग करताना स्पष्ट लिहा की आम्हाला टेस्टिंगपेक्षा बागेत चालायचंय आणि बागेतलं काम माहिती असलेलं माणूस हवंय. मळ्यांवर मुलांसाठी म्हणून द्राक्षाचा रस ठेवतात, बाबांना तो मागा. आईंना बॅबिलॉन्स्टोरेन नावाच्या मळ्यावरची बाग दाखवा, भाज्या, फळझाडं, औषधी झाडं सगळी रांगांत लावलेली, एका सकाळीला पुरते. तुम्ही दोघं पिनोटाज घ्या कारण ते द्राक्षच तिथलं, १९२५ मधे स्टेलनबॉशला अब्राहम पेरोल्ड नावाच्या प्राध्यापकाने पिनो न्वार आणि सँसो ह्यांचा संकर केला तो. नाशिकला शेनाँ ब्लाँ प्यायला असालच, तेच इथे जुन्या वेलींचं घेऊन बघा, स्थानिक लोक त्याला स्टीन म्हणत आलेत, एकच जात दोन जमिनींत किती वेगळी होते ते जिभेवर कळतं.

आणि एक गोष्ट, जी ब्रोशरमधे नसते. त्या पांढऱ्या सुंदर घरांच्या मागे मजुरांची घरं आहेत. गुलामगिरी गेल्यावर सुद्धा तिथे दॉप म्हणून पद्धत होती, मजुरीचा काही भाग पैशाऐवजी वाईनमधे द्यायचा. कायद्याने बंद झाली पण पिढ्यानपिढ्यांचं व्यसन राहिलं, आईच्या पिण्यामुळे जन्मतः व्यंग घेऊन येणाऱ्या मुलांचं प्रमाण ह्या भागात जगातल्या सर्वात जास्तपैकी आहे. आमचा तो गाईड स्वतः वाईन पीत नव्हता, का ते त्याने परत येताना गाडीत सांगितलं, माझे वडील शुक्रवारी घरी काय आणायचे ते मी बघितलंय. बाबांसारख्या माणसाला हे ऐकायला मिळालं पाहिजे आणि तुम्हा पिणाऱ्यांना पण. त्याच मुलखात चित्र बदलणारी माणसं आहेत, एनत्सिकी बियेला ही क्वाझुलू-नाताळच्या खेड्यातली मुलगी, स्टेलनबॉशला शिकायला येईपर्यंत तिने वाईन चाखली पण नव्हती, ती देशातली पहिली काळी स्त्री वाईनमेकर झाली, आजीच्या नावाने अस्लिना म्हणून तिचा ब्रँड आहे. बाटली घ्यायचीच तर ती शोधा.

गाईड कसा निवडायचा, तर तिकडे गाईडला सरकारी नोंदणी लागते आणि बॅज गळ्यात असतो, तो बघायचा. ड्रायव्हर आणि ड्रायव्हर-गाईड ह्यात फरक आहे, एजंट बऱ्याचदा नुसता ड्रायव्हर पाठवतो आणि नाव गाईडचं लावतो, तेव्हा नोंदणी नंबर आधीच मागून घ्या. मेसेजवर एकच प्रश्न विचारा, तुम्ही लहानपणी कुठे राहायचात. जो ह्याचं उत्तर चार ओळीत मनापासून लिहितो तो घ्या, जो फक्त गाडीचं मॉडेल आणि वायफाय सांगतो तो सोडा. लांगासारख्या टाउनशिपमधे, म्हणजे वर्णभेदाच्या काळात काळ्या लोकांना वेगळं ठेवलेल्या वस्तीत, जायचं असेल तर तिथेच राहणाऱ्याबरोबर चालत जा, बसमधून खिडकीतून बघायला जाऊ नका. टिप दहा-पंधरा टक्के, रँडला साधारण पाचने गुणा.

एकूण हिशोब बघितलात तर बो-कापचे दोन-तीन तास, वाईनचा एक पूर्ण दिवस, एवढ्यालाच वेगळे पैसे लागतात, रॉबेन आणि म्युझियमचं तिकिटात किंवा थोडं जास्त. तुमचा एजंट सात दिवस गाईड लावून जे मागतोय त्याच्या बरंच खाली येईल.

पुण्याहून निघताना दोन गोष्टी. मुंबईहून थेट विमान नाही, आदिस अबाबा, दुबई किंवा दोहामार्गे जावं लागतं. आदिस किंवा नैरोबीमार्गे गेलात तर मधला थांबा बारा तासांच्या आत ठेवा, नाहीतर यलो फीव्हरची लस लागते आणि ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी, बाबांच्या वयात लसीआधी डॉक्टरांना विचारणं भागच आहे, त्यामुळे दुबई-दोहा बरं. येताना माणशी दोन लिटर दारू ड्युटी न भरता आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या, तिसरीत हद्द ओलांडते. चेक-इन बॅगेत बाबांच्या स्वेटरमधे गुंडाळा, मार्चमधे तिकडे संध्याकाळी वाऱ्याला स्वेटर लागतोच, त्यामुळे तो बॅगेत असणारच आहे.